हूनामताईंचं मत फिरलं

फोन आला तेव्हा प्यो हूनामताई बुसानच्या मेट्रोत उभ्या होत्या. एका हातात कुणाच्या तरी वाढदिवसाचा लिलीचा भलाथोरला गुच्छ, दुसऱ्या हातात डबीत कुणाची तरी नवी कोरी कवळी. फोन खांद्यानं कानाशी दाबून त्या "कोण?" म्हणून अशा गरजल्या की शेजारी डुलक्या घेणारा माणूस दचकून जागा झाला.

"नमस्कार आजी, महापालिकेतून बोलतोय. नागरिक-सभेच्या सोडतीत तुमचं नाव निघालंय. अभिनंदन!"

"सोडतीत? वा वा. आणि आता मी माझा बँकेचा नंबर सांगायचा, असंच ना?"

"नाही आजी, नंबर वगैरे काही..."

"मेल्या, म्हातारी दिसली की लुबाडायची! आईनं ह्याचसाठी वाढवलं तुला? ठेव फोन!"

पोरगा चिकाटीचा होता. त्यानं पुन्हा फोन केला, पुन्हा शिव्या खाल्ल्या. त्यानंतर फोन आला तेव्हा हूनामताई कामाच्या कचेरीत पोचल्या होत्या आणि त्यांची मैत्रीण यॉनसिम शेजारी बसली होती. तिनं फोन हिसकावून घेतला, थोडा वेळ नुसतं "हो, हो" केलं आणि मग फोनवर तळवा ठेवून कुजबुजली, "अगं ताई, हा खरंच महापालिकेचा आहे! मेट्रोच्या फुकट प्रवासाचं वय वाढवायचं का, ते ठरवायला साध्या माणसांना बोलावतायत. तुझं नाव निघालंय!"

"मला बोलावतायत?" हूनामताईंनी पदराला हात पुसावेत तसे कोटाला हात पुसले. "मग आता त्यांची काही खैर नाही."

पासष्टी ओलांडली की मेट्रो फुकट, हा नियम इतका जुना झालेला की लोकांना तो हवापाण्यासारखाच वाटायचा. पण मधल्या काळात शहरातली पोरं कमी झाली आणि म्हातारे वाढले. मेट्रो तोट्यात गेली. अर्धं शहर म्हणायला लागलं, वय सत्तर करा. उरलेलं अर्धं म्हणायला लागलं, हात तर लावून बघा! टीव्हीवर रोज नवा कौल. आज लोक इकडे झुकले, उद्या तिकडे. त्यात निवडणूक तोंडावर आलेली. हा विस्तव आपल्या ओंजळीत कशाला, असा विचार महापौरांनी केला असावा. त्यांनी सोडत काढून शहरातली माणसं गोळा करायचं ठरवलं. विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी, म्हातारे, सगळे. दोन शनिवार-रविवार त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, आपसात बोलायचं आणि मत द्यायचं.

हूनामताईंचं मत मात्र आधीच तयार होतं. त्यांचं पोटच त्या फुकट कार्डावर चालायचं. त्या आणि यॉनसिम एका कुरिअर कचेरीत कामाला होत्या. तिथे सगळी म्हातारी माणसंच. फुलं, करारपत्रं, लग्नाचे कपडे, कवळ्या, जे म्हणाल ते मेट्रोनं नेऊन हातात द्यायचं. भाडं पडत नाही म्हणून तर हा धंदा. हूनामताई एकाहत्तर वर्षांच्या, यॉनसिम सहासष्टची. कचेरीतली मंडळी त्यांची थट्टा करायची, कारण कोरियन भाषेत तिकिटालाही प्यो म्हणतात आणि मतालाही प्योच. "आडनाव तिकीट, आणि हिंडते विनातिकीट!"

"हिंडते तर हिंडते," हूनामताई म्हणायच्या. "कमावलंय मी ते."

आणि ते खोटं नव्हतं. सहा बहिणींत त्या शेवटच्या. हूनाम म्हणजे 'हिच्या पाठीवर मुलगा'. तो मुलगा काही झाला नाही, नाव तेवढं चिकटलं. पंधरा-सोळाव्या वर्षी त्या बुटांच्या कारखान्यात लागल्या. जगभरच्या पायांत जाणारे बूट, त्यांचे तळवे चिकटवायचे. डिंकाच्या उग्र वासानं डोकं भणभणायचं. तिथेच धाकटी यॉनसिम भेटली. हूनामताईंचा नवरा दूरच्या समुद्रात मासेमारीला जायचा. एका वर्षी जहाज परत आलं, तो आला नाही. सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये कारखाना सुटल्यावर दोघी मैत्रिणी रस्त्यावरच्या गर्दीत घुसल्या होत्या. अश्रुधुरानं आंधळ्या झालेल्या विद्यार्थ्यांना पाणी पाजत, राष्ट्राध्यक्ष लष्करवाल्यांनी नाही, आम्हीच निवडणार म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडत. त्याच वर्षी थंडीत मत द्यायला उजाडायच्या आत रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हापासून हूनामताईंनी एकही मतदान चुकवलं नाही आणि निवडून आलेल्या एकालाही शिव्या घालायचं सोडलं नाही.

सभेच्या पहिल्या शनिवारी त्या ठेवणीतला जांभळा कोट घालून निघाल्या. अख्खी कचेरी दारापर्यंत पोचवायला आली.

"ताई, दाखवून दे त्यांना!" यॉनसिम म्हणाली. "माझं कार्ड आत्ता कुठे आलंय हातात. आमची सगळी भिस्त तुझ्यावर."

सभा बंदराजवळच्या मोठ्या दालनात होती. गोल टेबलं, प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा बिल्ला. एक प्राध्यापक वय वाढवा म्हणून बोलले, तेव्हा हूनामताईंनी डोळे मिटून खोटंच घोरून दाखवलं. दुसऱ्या बाई वाढवू नका म्हणून बोलल्या, तेव्हा इतक्या टाळ्या पिटल्या की सूत्रसंचालकानं हात जोडले.

त्यांच्या टेबलावर समोरच एक मुलगी बसली होती. हारिम नाव, वय सत्तावीस, प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस. टाळ्या संपल्यावर ती पुढे वाकली. मग म्हणाली, "आजी, एक विचारू? मेट्रो फुकट आहे ती कुणासाठी?"

"म्हाताऱ्यांसाठी! कानात बोळे घालून आलीस काय?"

"सगळ्या म्हाताऱ्यांसाठी?"

"सगळ्या!"

"मग माझ्या आजीला कशी नाही? ब्याऐंशी वर्षांची आहे ती. शहराच्या टोकाला गिजांग आहे ना, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहते. तिच्या गावाला मेट्रोच नाही. ती तिकीट काढून बसनं जाते. आणि बसच्याही फेऱ्या कापल्या, म्हणे पैसा नाही. मेट्रोचा खड्डा भरायला पैसा आहे, तिच्या बसला नाही."

"काहीतरीच सांगू नकोस."

"काहीतरी? मग चला माझ्याबरोबर. बुधवारी मला सुट्टी असते. का भीती वाटते?"

टेबलावरचे सगळे हसले. हूनामताईंचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात त्यांना कुणी भित्री म्हटलेलं नव्हतं.

"येते! तुझ्या आजीला म्हणावं, चूल पेटवून ठेव, पाहुणी येतेय!"

बुधवारी दोघी गेल्या. मेट्रो संपली, पुढे एक बस, मग ती सोडून दुसरी, मग चढणीवरून पायपीट. खाली निळा समुद्र पसरलेला, वर देवदारांत लपलेली दहा-बारा घरं. हारिमची आजी थांब्यावरच भेटली. थांबा म्हणजे कुणीतरी आणून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची. त्यावर ही इवलीशी म्हातारी, टोपी घालून, मांडीवर पिशवी धरून बसलेली. तिची गिजांगच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली वेळ होती. डोळ्यात सुई टोचायची, म्हणजे आहे तेवढी नजर टिकेल. ती वेळ मिळायला महिना गेला होता.

तिघी बसची वाट बघत बसल्या. बस काही येईना. हारिमनं फोन लावला, तेव्हा कळलं की गाडी बिघडलीय, ही फेरी रद्द.

"असू दे," आजी शांतपणे म्हणाली. "उद्या जाऊ."

"उद्या?" हूनामताई ताडकन उठल्या. "वैनी, तुमच्या डोळ्याला कळतं का उद्या म्हणजे काय ते? आणि दवाखान्यात पुन्हा वेळ कधी देणार?"

"देतील पुढच्या महिन्यात. नेहमीचंच आहे हे."

हे 'नेहमीचंच' ऐकलं आणि हूनामताईंच्या अंगात वारं शिरलं. वरून घरघर ऐकू आली. त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. वळणावरून एक छोटा ट्रक आला, मागे ओल्या समुद्री शेवाळाचा ढीग. ब्रेक किंचाळले.

"ओ आजी, मरायचंय का?" ट्रकवाला ओरडला.

"मरायचं नाही, दवाखान्यात जायचंय! चढव हिला!"

"पण पुढे दोघीच मावतील. मागे माणूस बसवायला मनाई आहे."

"मग तू मागे बघू नकोस!"

आजी आणि हारिम पुढे बसल्या. हूनामताईंनी जांभळ्या कोटाचा ओचा खोचला, चाकावर पाय दिला आणि स्वतःला शेवाळाच्या ढिगात झोकून दिलं. ट्रक उतारावरून सुसाट निघाला. वारा, खारट शिंतोडे, प्रत्येक वळणावर ढीग इकडून तिकडे! भ्यायला हवं होतं, पण हूनामताईंना हसूच फुटलं. सत्त्याऐंशीनंतर इतकी जिवंत मजा त्यांना आली नव्हती. दवाखान्याचं दार बंद व्हायच्या आत ट्रक पोचला. आजीला आत घेतलं. बाहेर बाकावर हूनामताई शेवाळाचा वास मारत बसल्या, आणि हसू ओसरल्यावर त्यांना काहीतरी टोचायला लागलं.

परतताना मेट्रोच्या दारावर त्यांनी कार्ड टेकवलं. एक गाडी गेली, लगेच दुसरी आली. डबा अर्धा रिकामा. हूनामताई बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या खानावळीत डुकराच्या मटणाचा वाफाळता रस्सा आणि भात पुढे आला, तेव्हा त्यांनी यॉनसिमला सांगून टाकलं. "मला वाटतं, वय वाढवावं. हळूहळू. आणि वाचेल त्यातून डोंगरातल्या म्हाताऱ्यांना बस फुकट द्यावी."

यॉनसिमचा चमचा हवेतच राहिला. "काय म्हणालीस?"

"तू बघितलं असतंस ना यॉनसिम, ती खुर्ची..."

"मी खुर्ची बघू? आणि तू काय बघतेस? तू एकाहत्तरची! सत्तरचा नियम झाला तरी तुझं कार्ड तुझ्याकडेच. जाणार कुणाचं? माझं! चार वर्षं मी काय खाऊ? दुसऱ्याच्या ताटातलं वाढून दानशूर व्हायला काय लागतं गं, ताई?"

मैत्रिणीनं अर्धी वाटी तशीच टाकली, चपला अडकवल्या आणि निघून गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या मैत्रीत ती ताट टाकून कधी उठली नव्हती.

दोन दिवस हूनामताई नुसत्या धुमसत होत्या. रागाचं खरं कारण असं की यॉनसिमचं म्हणणं खरं होतं. हारिमच्या आजीचंही खरं होतं. दोन खऱ्यांच्या मधे माणसानं करायचं काय? रस्त्यावर उतरून ओरडताना सोपं असतं, समोर खोटा माणूस असतो. इथे खोटं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी त्या दालनात शिरल्या त्या थेट हारिमकडे. "पोरी, तुझं म्हणणं मला पटलंय. पण माझी एक अट आहे. ज्यांच्या हातात कार्ड आलंय त्यांचं काढायचं नाही. नवा नियम नव्यांना. मान्य?"

हारिमनं ओठ चावला. "मग पैसे वाचायला वर्षं लागतील, आजी. तोवर बस कशी सुरू होणार?"

"मग सत्तरीच्या वरच्यांनी गर्दीच्या वेळी अर्धं तिकीट काढावं. माझ्यापासून सुरुवात करा!"

"आजी, तुम्ही दिवसभर मेट्रोत असता!"

"असते. म्हणूनच म्हणते. मला झळ लागली तरच मला बोलायचा हक्क."

टेबलावर जी जुंपली! बेकरीवाला म्हणाला अर्धं तिकीट अन्याय आहे, एक विद्यार्थी म्हणाला अर्धं कमीच आहे, एक निवृत्त मास्तर उभे राहून आकडे सांगायला लागले आणि त्यांना खाली बसवलं गेलं. जेवण थंड झालं. रविवारी दुपारपर्यंत हूनामताईंच्या टेबलानं आपली सूचना तयार केली आणि ती मांडायला सगळ्यांनी त्यांनाच पुढे ढकललं.

हूनामताईंनी माईक हातात घेतला. समोर कॅमेरे.

"मी कुरिअर आहे," त्या म्हणाल्या. "ह्या सभेत मी कार्ड वाचवायला आले होते. माझ्या कचेरीनं मला त्यासाठीच पाठवलं. आता मी उलटं बोलणार आहे, आणि उद्या कचेरीत माझं काय होईल ते देव जाणे. पण ह्याच शहरात एक म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसची वाट बघत आंधळी व्हायची वेळ आली होती. आम्ही दोघी म्हाताऱ्याच, कर सारखे, मत सारखं. मग मला दर काही मिनिटांनी गाडी, आणि तिला 'उद्या जाऊ'?" मग त्यांनी सूचना सांगितली, अर्ध्या तिकिटासकट. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, पार्टी बदलली का?" हूनामताईंनी पण ओरडून सांगितलं, "पार्टी नाही बाबा, मत बदललं! जिवंत माणसाचं बदलतं!"

दालन हसलं, टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. मग एकेका सूचनेवर प्रत्येकानं हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं होतं. हूनामताईंनी बटणावर अंगठा ठेवला. डोळ्यांपुढे यॉनसिमचा चेहरा आला. मग त्यांनी दाबलं. पडद्यावर दोन पट्ट्या वाढायला लागल्या, हिरवी आणि केशरी, कधी ही पुढे, कधी ती. हारिमनं त्यांचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. अर्ध्या तिकिटाची सूचना पडली. पण वय हळूहळू वाढवणं, हातातली कार्डं न काढणं आणि डोंगरातल्या गावांना सत्तरीपुढे बस फुकट, हे तिन्ही थोड्याशा फरकानं मंजूर झालं. हारिम किंचाळली आणि तिनं हूनामताईंना मिठीच मारली.

यॉनसिमचं कार्ड वाचलं होतं. हूनामताईंनी ते सांगायला फोन केला, तिनं उचलला नाही.

टीव्हीवर त्यांचं 'जिवंत माणसाचं बदलतं' दिवसभर दाखवत होते. खाली लोकांनी काय काय लिहिलं! कुणी म्हणे शहाणी, कुणी म्हणे विकली गेलेली थेरडी. कचेरीत बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. पासष्टीला टेकलेले, कार्डाची वाट बघणारे ओळखीचे लोक तर तोंडावर म्हणाले, "आमच्या वाटेला काटे पेरलेस, ताई." हूनामताईंनी ऐकून घेतलं. रोजची फुलं-कवळ्या पोचवत राहिल्या. घरी जाऊन मात्र एकदा रडल्या.

आणि महापालिका? महापालिकेनं अहवाल स्वीकारला, आभार मानले आणि म्हणाली, विचार करू. विचार करता करता महिने गेले. म्हाताऱ्या मतदारांना कोण दुखवणार?

"विचार करतायत!" हूनामताईंनी हारिमला फोनवर सुनावलं. "अंडं उबवतायत का काय? चल, आपणच जाऊ."

महापालिकेत त्या अहवालावर चर्चा होती, त्या दिवशी इमारतीसमोर दोन गट उभे राहिले. एका बाजूला हारिम, तिची आजी, डोंगरातली बरीच मंडळी, आणि पुढे जांभळ्या कोटात हूनामताई. दुसऱ्या बाजूला वय वाढवू नका म्हणणारे. त्यांच्या पुढे, फलक उंच धरून, यॉनसिम!

"तुझं कार्ड तर वाचलं!" हूनामताई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "मग इथे कशाला तडफडलीस?"

"माझं वाचलं, माझ्या बहिणीचं नाही!" यॉनसिम ओरडली. "तुला एकटीलाच दुसऱ्यांची कळकळ वाटते का?"

बास. दोघींनी घोषणा द्यायला सुरुवात केली. एकीचा आवाज चढला की दुसरीचा त्याहून वर. कारखान्यातल्या यंत्रांवरून बोलायची सवय दोघींना सारखीच. बातमीदार कॅमेरे घेऊन धावले. आतून कुणा नगरसेवकानं खिडकी लावून घेतली. दुपारी घसे बसले, गर्दी जेवायला पांगली. यॉनसिम रस्ता ओलांडून आली, हूनामताईंच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं डबा उघडला. आत शेवाळाच्या पापुद्र्यात वळलेल्या भाताच्या गुंडाळ्या.

"मुळा जास्त घातलाय," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "तुला आवडतो म्हणून नाही, शिल्लक होता."

हूनामताईंनी एक गुंडाळी तोंडात टाकली. "खारट झालंय."

"मग खाऊ नकोस."

त्यांनी सगळा डबा संपवला. कुणीही कुणाची माफी मागितली नाही. मग यॉनसिम उठली, फलक उचलला आणि पुन्हा आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

महापालिकेनं त्या दिवशी अर्धंच काम केलं. वयाचा प्रश्न निवडणुकीनंतर बघू म्हणून पुढे ढकलला. पण डोंगरातल्या गावांसाठी बस मात्र ताबडतोब, प्रयोग म्हणून एक वर्ष. "भित्रे लेकाचे!" हूनामताईंनी शिवी हासडली आणि त्याच दमात हारिमला उचलायचा प्रयत्न केला, तशी त्यांची कंबर धरली.

बसच्या पहिल्या दिवशी त्या गिजांगला गेल्या. यॉनसिमही आली, "नुसती बघायला" म्हणून, तिकीट काढून. नवी छोटी हिरवी बस चढण चढली आणि थांब्यावर उभी राहिली. हारिमची आजी टोपी सावरत चढली, चालकाला वाकून नमस्कार केला आणि खिडकीजवळ बसली. मागोमाग गावातले एकेक जण, कुणी लसणाच्या माळा घेऊन, कुणी कुत्रा घेऊन. बस भरून गेली.

"वर्षभरानं बंद करतील ही," मागून एक आजोबा म्हणाले. "लिहून घ्या."

"का करतील? आम्ही काय मेलोय?" हारिमची आजी खिडकीतून वळून म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता.

"पण फुकट कशाला हवी? थोडं तिकीट ठेवायला काय होतं?" लसूणवाली म्हणाली.

"ठेवा की, तुमच्याकडे पैसा असेल तर!" कुत्रेवाले म्हणाले.

"मी सांगते काय करायचं ते," यॉनसिम म्हणाली.

"तू काय सांगणार?" हूनामताई म्हणाल्या.

आणि अख्ख्या बसला तोंड फुटलं. चालकानं आरशात बघितलं, मान हलवली आणि गाडी उताराला घातली.